जोंगा दिली एकदाची

आमची जुनी फौजी जीप, जोंगा, विकायला काढली तेव्हा बाबांची एकच अट होती, जो कोणी गाडी बघायला येईल त्याला आधी तिच्यात काय काय खराब आहे ते सांगायचं, किंमत मागाहून. म्हणून जाहिरात टाकायच्या आधी दोन रविवार मी आणि बाबा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या अंगणात तिच्याखाली आणि आजूबाजूला फिरत होतो, ते सांगायचे, मी लिहायचे. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक झिरपतो. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा दोनदा ठिगळ लावलेला. पेट्रोलचा काटा कधीचाच बंद, टाकीचं झाकण उघडून आत बांबूची पट्टी घालून बघायचं, पट्टीवर बाबांनी स्वतः चाकूने 10-10 लिटरच्या खाचा केल्यात आणि 20 च्या खाचेजवळ एक लाल टिंब, म्हणजे त्याच्या खाली आलं की इंदूरजवळच्या महूच्या पुढे जायचं नाही.

ज्यांना जोंगा म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नाव ऐकून वाटतं कुठलं तरी आफ्रिकन जनावर असेल, पण ते आहे जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली याची आद्याक्षरं. जपानच्या निसानची पेट्रोल म्हणून गाडी होती (इंधनवालं पेट्रोल नाही, गस्तवालं), तिच्यावरून आपल्या फौजेसाठी जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत 1969 पासून 1999 पर्यंत ह्या बनल्या. सहा सिलिंडरचं 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन, खाली कमानीचे जाड पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढची काच हवी तेव्हा बॉनेटवर आडवी पाडता येते. आमची 84 ची. बाबांनी 1999 मध्ये महूच्या एका भंगारवाल्याकडून घेतली, त्याने लिलावात लॉट उचलला होता त्यातली ही एक, चार चाकांवर उभी होती एवढंच. मी तेव्हा सातवीत, आणि आई दोन दिवस बाबांशी बोलली नव्हती.

बाबांनी रंग काढायला घेतला तेव्हाचं मला अगदी डोळ्यासमोर आहे. मडगार्डवर घासता घासता हिरव्याच्या खालून पांढरी अक्षरं वर आली, टीपी आणि पुढे आकडा, म्हणजे टायरमध्ये हवा किती भरायची ते, फौजेत प्रत्येक चाकाच्या वर लिहितात. आणि मागे वाकून बघितलं तर एक्सलचा मधला गोळा पांढरा रंगवलेला आणि त्याच्यावर उजेड पडेल असा एक चिमुकला दिवा. बाबांनी समजावलं की रात्री ताफा चालतो तेव्हा हेडलाइट सगळे बंद असतात, मागचा ड्रायव्हर फक्त तो पांढरा गोळा बघत बघत गाडी हाकतो. मला ते इतकं आवडलं होतं की बाबांनी तो गोळा तसाच पांढरा ठेवला आणि दिवाही चालू करून दिला, विकेपर्यंत चालू होता.

बाकी गाडी मात्र त्यांनी मातकट रंगाची केली, कारण ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, मोटार वाहन नियमांत 121 नंबरचा नियमच आहे तसा. आता विकायला काढली तर दहातल्या सात जणांचा पहिला प्रश्न हाच, की हिरवी का नाही. 2019 मध्ये धोनीने जोंगा घेतली त्याचे फोटो सगळीकडे फिरले आणि तेव्हापासून लोकांना जोंगा म्हणजे हिरवीच पाहिजे. एक रिसॉर्टवाले आले, बायपासकडचे, त्यांना ती गेटवर उभी करायची होती, वर जाळी टाकून, लोक सेल्फी काढतील म्हणून. पैसेही सगळ्यात जास्त तेच देत होते. बाबा काही बोलले नाहीत, फक्त उठून आत गेले, आणि मी त्यांना नाही सांगितलं.

दिल्लीहून फोन खूप आले पण तिकडे एवढी जुनी पेट्रोल गाडी रस्त्यावर चालू देत नाहीत, त्यामुळे तो विषय तिथेच संपायचा. काही जण विंटेजचे कागद मागायचे. त्यांना सांगावं लागायचं की 2021 चा जो व्हीए नंबर प्लेटचा नियम आलाय तो 50 वर्षांवरच्या गाड्यांना आहे, ही अजून तेवढी म्हातारी नाही, हिची आरसी साधी, 15 वर्षं झाल्यावर दर 5 वर्षांनी फिटनेस करून रिन्यू करायची. 2022 च्या एप्रिलपासून त्याची फी 600 ची 5000 झाली, आम्ही 2023 मध्ये भरली. एकाला इंजिन काढून डिझेल टाकायचं होतं, बऱ्याच जोंगांना लोकांनी तसं केलंय कारण ही लिटरला चार-साडेचार देते, पण मग आरटीओची परवानगी, आरसीवर बदल, आणि मुख्य म्हणजे तो आवाज जातो. सहा सिलिंडर थंडीत चोक ओढून लागले की आधी एक धाप टाकतात आणि मग हळूहळू एका सुरात येतात, तो आवाज आला की आमच्या गल्लीत सगळ्यांना कळायचं आज रविवार आहे आणि देशपांडे महूपुढच्या जाम गेटला चालले.

मग चोरलच्या पुढे घाट उतरून शेत आहे असे एक भाऊ आले, सकाळी साडेसहाला. फोनवर आधीच बोलले होते, भिया को बोलना गरम मत करना, ठंडी गाड़ी देखूंगा. (भिया म्हणजे इंदुरी भाऊ; फोन मीच उचलला होता, तरी भियाच.) आल्याबरोबर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, गार आहे ना बघितलं, मग पिशवीतून पोतं काढून खाली अंथरलं आणि सरळ गाडीखाली. वीस मिनिटं. आतून फक्त हातोडीच्या दांड्याचा ठक ठक आवाज, चॅसी कुठे गंजली का ते बघत होते. मी वरून यादी वाचत होते तर खालूनच म्हणाले, ब्रेकवालं दिसलं, अजून पुढच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, तोपण ढिला आहे, तो तुमच्या यादीत नाही. बाबा खुर्चीतून उठून वाकून बघायला लागले, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते वाकत नाहीत. हलवून बघितलं तर खरंच होता ढिला.

त्यांच्या शेताचा शेवटचा दोन किलोमीटर रस्ता म्हणजे काळी माती, पावसाळ्यात ट्रॅक्टर सोडून काही जात नाही आणि घरात आजारी आई आहे, म्हणून छोट्या गिअरवाली फोर बाय फोर पाहिजे होती. बाबांनी रंगाचं विचारलं तर म्हणाले रंगाचं काय करायचं काकाजी, चिखल तर लागणारच. सव्वातीन लाखांवर ठरलं, त्या क्रॉसचे म्हणून बाबांनीच पाच हजार कमी केले, मी गप्प बसले.

कागदांचं एकच सांगते. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून द्या पण गाडी गेली म्हणजे झालं असं समजू नका, आरसीवर नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच, उद्या काही झालं तर नोटीस तुमच्या दारात. मी स्वतः नायता मुंडलाच्या आरटीओत त्यांच्यासोबत गेले, चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप काढला, आणि नाव बदलल्याचा मेसेज आला तेव्हाच बाबांना फोन केला.

जायच्या दिवशी बाबांनी त्यांना बांबूची पट्टी दिली. लाल टिंब दाखवलं आणि म्हणाले हे महूच्या हिशोबाचं आहे, तुम्ही चोरलच्या हिशोबाने नवीन करून घ्या. मागचा दिवाही लावून दाखवला. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तो पांढरा गोळा दिसत होता, सकाळची वेळ होती तरी.

माळ्यावर अजून एक खोका राहिलाय, त्यात कार्ब्युरेटरची किट, दोन फॅन बेल्ट आणि एक नवं वॉटर पंप आहे, पंप बाबांनी जबलपूरहून आणला होता. चोरलवाल्या भाऊंना पंप नको, त्यांच्याकडे आहे म्हणे. इंदूर-महूत कोणाकडे पेट्रोल इंजिनवालीच जोंगा असेल तर खोका घेऊन जा, पैसे नकोत, फक्त गाडी घेऊन या, बाबांना आवाज ऐकायचाय.