परत आलेले सात किलो

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, सातारा

वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मदतगटाची पुण्यात बैठक असते; सहा महिन्यांनंतर आज तिला जाऊन आले. सकाळी सहाची विनाथांबा गाडी, स्वारगेटवरून रिक्षा आणि साडेनऊला त्या काट्यावर. मे महिन्यात याच काट्याने ७९ किलो दाखवले होते. आज ८६ दाखवले. आहारतज्ज्ञ मॅडमनी आकडा वहीत लिहिला, मान वर न करता "चहा घेतलात का?" एवढेच विचारले, आणि गाडीत पाठ करून आणलेली सगळी कारणे माझ्या तोंडातच राहिली.

न जाण्याचे खरे कारण मी घरीही कोणाला सांगितले नव्हते. जुलैच्या तारखेला घटक चाचणीचे पेपर आडवे आले हे खरे, परंतु सप्टेंबरच्या तारखेला काहीही आडवे आले नव्हते. आषाढात घरच्या काट्यावर वजन दोन किलोंनी वाढलेले दिसले आणि ते उतरवून मगच जाऊ, असे मी ठरवून टाकले. ज्यांच्याकडे वजन उतरवण्यासाठी जायचे, त्यांच्याकडे वजन उतरवून झाल्यावर जायचे, हा विचार किती उफराटा आहे ते वर्गात कोणा मुलाच्या निबंधात आले असते तर मला तत्काळ दिसले असते. स्वतःच्या बाबतीत दिसायला चार महिने आणि तीन फोन लागले.

ते फोन समन्वयक ताईंचे होते. पहिले दोन मी उचललेच नाहीत. तिसरा दिवाळी झाल्यावर आला, तोही अनोळखी क्रमांकावरून, म्हणून सापडले. त्या म्हणाल्या, "वजन मी विचारतच नाही. गोळ्या चालू आहेत का, तेवढंच सांगा." मी गप्प झाले, कारण गोळ्याही बंदच होत्या. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांचा डबा पाहिला की काट्याची आठवण होई, म्हणून मी तो फडताळात मागे सारला होता. माझ्यासारख्या जठराचा बायपास झालेल्या माणसाने या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात, कारण आतड्याचा जो भाग अन्नातून मुख्यतः लोह आणि कॅल्शियम उचलतो तोच आता वाटेत येत नाही; हे मला तोंडपाठ होते. तोंडपाठ असणे आणि गोळी गिळणे यांत किती अंतर असते, ते शिक्षिकेला तरी कोणी सांगायला नको.

आता रात्री जुनी वही काढून बसले आहे. पहिले पान २०२३ च्या दिवाळीनंतरचे आहे. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ११४ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४६.२, मधुमेह नऊ वर्षांचा, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ९.१. त्याखाली मी एक ओळ लिहिली आहे: "खुर्च्यांना हात नाहीत." आज कोणाला ती विचित्र वाटेल. परंतु तोवर प्रत्येक दवाखान्यात मी भिंतीला टेकून उभीच राहत असे, कारण हातांच्या खुर्चीत बसले तर उठताना खुर्चीही सोबत उठेल ही भीती असे. एका रुग्णालयात रक्तदाब मोजायला आलेल्या परिचारिकेने दंडाला पट्टा पुरत नाही म्हणून दुसऱ्या मजल्यावरून मोठा पट्टा आणण्यासाठी सगळ्यांदेखत हाक मारली होती. इथे मोठा पट्टा टेबलावरच ठेवलेला होता. उपचाराबद्दल माझा विश्वास बसला तो तिथेच. शल्यचिकित्सकांची तोवर भेटही झाली नव्हती.

ती झाल्यावर त्यांनी माझ्या जुन्या अहवालाच्या पाठीमागे बॉलपेनने जठर काढून दाखवले. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी निमुळती नळी शिल्लक ठेवतात; परंतु तुम्हाला रात्री आंबट पाणी घशाशी येते आणि मधुमेहही जुना आहे, तेव्हा बायपास बरा, असे ते म्हणाले. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करतात आणि आतड्याचा खालचा भाग वर आणून तिला जोडतात. टाक्यांतून गळती होऊ शकते, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि क्वचित जीवही जाऊ शकतो, हे त्यांनी माझ्या नवऱ्यासमोर, आवाज न बदलता सांगितले. यांना तो माणूस त्यामुळेच आवडला. मला मात्र त्या दिवशी ते फार कोरडे वाटले होते आणि तसे वहीत लिहिलेही आहे.

त्यानंतर तीन महिने तपासण्यांचे गेले. दुर्बिणीतून जठराची तपासणी, पोटाची सोनोग्राफी, हृदयाची तपासणी, थायरॉइड. झोपेची तपासणी केली तेव्हा रात्री माझा श्वास वारंवार अडतो असे निघाले, आणि भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेआधी रोज हवेच्या दाबाचे यंत्र नाकाला लावून झोपायला सांगितले. घोरणे एका रात्रीत थांबले. ती शांतता ऐकून यांनी घाबरून मला दोनदा हलवून उठवले होते.

मानसोपचारतज्ज्ञ कशाला, म्हणून मी तेव्हा थोडी रागावले होते. त्यांनी वेडाबिडाचे काही विचारले नाही. वजन उतरल्यावर पहिली गोष्ट कोणती करणार, एवढाच त्यांचा मुख्य प्रश्न होता. मी म्हणाले, पंगतीत मांडी घालून बसणार. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नात बसलेही. बसले खरी, पण मसालेभाताचे चार घास झाले आणि पोट भरले. वाढपी तीनदा येऊन गेला आणि शेजारच्या मावशींनी मला कावीळ झाली आहे का, असे विचारले.

विमा हे वेगळेच प्रकरण होते. विमा नियामकाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या अटींप्रमाणे बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून सोबत गंभीर आजार असेल, तर ही शस्त्रक्रिया विम्यात बसते. मात्र शस्त्रक्रियेवाचूनचे उपाय करून ते फसलेले असावे लागतात. तेव्हा मला माझ्या अपयशाचे पुरावे सादर करायचे होते. बारा वर्षांत ज्या ज्या वजन उतरवण्याच्या वर्गांना पैसे भरले, त्यांच्या पावत्या मी शिवणाच्या डब्यात ठेवल्या होत्या, कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हते. समन्वयक ताईंनी त्या तारखेनुसार लावल्या, झेरॉक्स काढल्या आणि म्हणाल्या, "एवढी चांगली फाइल फार कमी लोकांची असते." आयुष्यात पहिल्यांदा त्या पावत्यांचा उपयोग झाला.

शस्त्रक्रिया ८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण मी झोपेत होते. त्याच संध्याकाळी सिस्टरांनी उठवून चालायला लावले, तीन चेंडूंचे यंत्र हातात दिले आणि दर तासाला श्वास ओढून चेंडू वर आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी औषधाच्या मापाच्या टोपणातून पाणी मिळाले, तेही घोट घोट, अर्ध्या तासात एक टोपण. पुढचे दोन आठवडे मुगाच्या डाळीचे गाळलेले पाणी, पातळ ताक आणि प्रथिनांची पावडर, त्यानंतर मिक्सरमधून काढलेले अन्न आणि दुसऱ्या महिन्यात मऊ भात. रोज ६० ग्रॅमच्या वर प्रथिने पोटात गेली पाहिजेत, आणि जेवताना व जेवणानंतर अर्धा तास पाणी प्यायचे नाही, हे दोन नियम आमच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिकेच्या शेजारी अजून चिकटवलेले आहेत.

या सगळ्यात आहारतज्ज्ञ मॅडमचे एक फार चांगले होते. त्यांनी छापील तक्ता काढण्याआधी घरात स्वयंपाक कोण करते, डबे किती, सासूबाईंचे वेगळे शिजते का, हे विचारले. मग उपवास किती, असे विचारले. चतुर्थी, गुरुवार, एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र. याआधीच्या प्रत्येकाने मला उपवास सोडा असे सांगितले होते, आणि मी प्रत्येकाकडे जाणे सोडले होते. मॅडमनी उपवास ठेवला आणि साबुदाणा काढला: ताक, पनीर, मोजून दाणे, राजगिऱ्याची भाकरी. सासूबाईंनाही त्यात बोट ठेवायला जागा सापडली नाही.

नियम मोडल्यास काय होते, तेही एकदा पाहून झाले. त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीला दीड उकडीचा मोदक खाल्ला आणि वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड आणि पोटात मुरडा सुरू होऊन आरतीच्या वेळी मी आतल्या खोलीत पालथी पडले होते. गोड पदार्थ त्या लहान पिशवीतून थेट आतड्यात धावत गेला की असे होते. फोनवर डॉक्टर म्हणाले, झोपून राहा, उतरेल, आणि शेवटी विचारले, "मोदक चांगला झाला होता का?"

आजच्या बैठकीत बाराजण होते. बार्शीच्या बाईंनी त्यांचे प्रकरण सांगितले तेव्हा सगळे पोट धरून हसले. शस्त्रक्रियेची गोष्ट लपवण्यासाठी त्यांनी गावात खडे झाले म्हणून पित्ताशय काढले असे सांगितले होते. झपाट्याने वजन उतरले की खडे होण्याचा संभव असतोच, आणि दहाव्या महिन्यात त्यांना ते खरेच झाले. आता पित्ताशय दुसऱ्यांदा कसे काढले, हे जाऊबाईंना काय सांगायचे, हा त्यांचा प्रश्न होता. मीही शाळेत हर्निया सांगितला होता, तो मात्र आज मी बोलले नाही.

नंतर चाकणचे टेम्पोवाले दादा बोलले. त्यांची स्लीव्ह शस्त्रक्रिया पाच वर्षांपूर्वी झाली. पहिल्या वर्षात ४५ किलो उतरले आणि पुढच्या चार वर्षांत १८ परत चढले. तीन वर्षांनी ते आज आले होते. बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "उतरलो तेव्हा माझा फोटो तिथं लावलाय. चढल्यावर त्याच्यासमोरून कसा येऊ?"

त्या भिंतीवर जोडीजोडीने फोटो आहेत, आधीचा आणि नंतरचा, खाली किलो. माझाही आहे. मार्चमध्ये वर्षाची तपासणी झाली तेव्हा मी आनंदाने सही करून दिला होता. गुलाबी साडी, खाली "३४ किलो". आज सकाळी आत शिरताना मी पदर सावरण्याच्या निमित्ताने मान दुसरीकडे वळवली होती, हे दादा बोलले तेव्हा ध्यानात आले.

शल्यचिकित्सक वीस मिनिटांसाठी आले होते. सर्वांत कमी वजन साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या सुमारास होते आणि त्यानंतर थोडे परत येणे हे बहुतेकांत दिसते, असे त्यांनी सांगितले. मी विचारले, मग हे आधी का सांगत नाही? ते म्हणाले, सांगतो. आधी ऐकू येत नाही. वहीत पाहिले. डिसेंबर २०२३ च्या पानावर माझ्याच अक्षरात ते लिहिलेले आहे. दादांनी यंदा मार्चमध्ये भारतात आलेल्या टिर्झेपटाइड या वजन उतरवण्याच्या औषधाच्या इंजेक्शनाबद्दल विचारले. काही जणांना त्याचा उपयोग होतो, पण आधी एंडोस्कोपी, रक्त आणि आहार पाहू, मग ठरवू, असे उत्तर मिळाले.

माझा आहार मॅडमनी तिथेच पाहिला. त्यांना चोर सापडायला दहा मिनिटे लागली. पोळी आणि मोड आलेली कडधान्ये पिशवीत अडकल्यासारखी वाटतात, म्हणून मी हळूहळू सोडली होती; चहात बुडवलेली खारी आणि बिस्किटे मात्र विनातक्रार उतरतात. शिक्षकखोलीत दिवसाला तीन चहा, प्रत्येकासोबत दोन, आणि दिवाळीत येताजाता मूठभर चिवडा. एका वेळी कधीच जास्त खाल्ले नव्हते, म्हणून मी स्वतःला निर्दोष समजत होते. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी "खारी" या शब्दाभोवती गोल काढला आणि त्याच्यासमोर "भिजवलेले दाणे, उकडलेले अंडे" असे लिहिले. अंडे शिक्षकखोलीत चालणार नाही, हे मी त्यांना सांगितले नाही.

निघताना समन्वयक ताईंना म्हटले, ती भिंत काढा. त्या म्हणाल्या, नवे रुग्ण ती पाहूनच धीर करतात. तेही खरे आहे. मीसुद्धा २०२३ मध्ये तिच्यासमोर बराच वेळ उभी होते. मी म्हटले, मग माझ्या फोटोखाली आजचे किलो लिहा. त्यांनी पेन दिले. ३४ खोडून मी २८ लिहिले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुपारच्या सुट्टीत रक्ताचे अहवाल मोबाइलवर आले. लोहाचा साठा फारच खाली गेला आहे, बी-१२ कमी आहे. साखरेची सरासरी ६.२, म्हणजे औषधाविना अजून बरी आहे. तीन महिने लोहाची गोळी दुप्पट, बी-१२ चे इंजेक्शन इथल्याच डॉक्टरांकडे, लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर. महिनाभर जिना चढताना धाप लागत होती, ती मी वाढलेल्या वजनाच्या खात्यावर टाकली होती.

ताईंनी सोबत एक क्रमांक पाठवला. पंढरपूरच्या एक बाई आहेत, माझ्यानंतर महिन्याने शस्त्रक्रिया झालेल्या, मार्चपासून आलेल्या नाहीत आणि ताईंचा फोन उचलत नाहीत. तुम्ही लावून पाहता का, असे ताईंनी विचारले; गटातल्या कोणी फोन करायला हरकत नाही, असे त्या बाईंनी शस्त्रक्रियेनंतर मदतगटाच्या कागदावर लिहून दिले होते.

संध्याकाळी लावला. पूर्ण वाजला, उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजताच कापला. उद्या शाळेच्या दूरध्वनीवरून लावते. तो क्रमांक त्यांच्याकडे नसेल.