दोन लिप्यांमधले ८९६चे अंतर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपीच्या दुकानांत मराठी आणि कन्नड लग्नपत्रिका एकाच संगणकावर तयार होतात, पण त्या संगणकाला यांपैकी एकही लिपी येत नाही. त्याला ० आणि १ एवढेच कळते. कोणत्या अक्षरासाठी कोणती संख्या धरायची, हे माणसांनी ठरवून दिलेले असते. युनिकोड या जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना संख्या देणाऱ्या संकेतात देवनागरी ‘क’साठी २३२५ ही संख्या आहे. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती १००१०००१०१०१ अशी लिहिली जाते आणि हेच बारा अंक चार-चारच्या गटांत वाचले की सोळा अंकचिन्हांच्या षोडशमान पद्धतीतले ९१५ मिळते.

कन्नड ‘क’ची संख्या ३२२१ आहे, म्हणजे नेमकी ८९६ने जास्त. ‘ग’, ‘ळ’, ‘व’, काना, वेलांटी, दोन्ही लिप्यांत समान असलेले कुठलेही वर्णचिन्ह घेतले तरी अंतर तेवढेच राहते, कारण युनिकोडने भारतीय लिप्यांचे तक्ते १९८८च्या ‘इस्की’ या अक्षरांना संख्या देणाऱ्या भारतीय संकेतावरून घेतले आणि त्यात सर्व लिप्यांतल्या समान वर्णांना समान जागा होती. मला हा तक्ता फार देखणा वाटतो.

मात्र नुसती बेरीज करून लिप्यंतर साधत नाही. आपल्या ‘बेळगावी’तल्या प्रत्येक संख्येत ८९६ मिळवले, तर कन्नडमध्ये ‘बे’ दीर्घ उमटतो आणि ‘वी’ही दीर्घच राहते, कन्नड पाटीवर मात्र दोन्ही ऱ्हस्व असतात. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे आहेत, त्यांना संख्याही वेगळ्या आहेत, आणि आपली मात्रा त्यांतल्या दीर्घाच्या जागी बसते.

युनिकोड रुळण्याआधीच्या फाँटांची तऱ्हा निराळी होती. त्यांत इंग्रजी अक्षरांच्याच संख्यांवर मराठी वळणे बसवलेली असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर पत्रिका उघडली की वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. जुन्या फाइली आजही असाच त्रास देतात.

युनिकोडमधल्या नव्या मजकुराला तो प्रश्न उरला नसला, तरी जागा जास्त लागते. ‘लक्ष्मी’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. संगणक मात्र ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी अशा सात संख्या साठवतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत एका संदेशात अशा ७०च संख्या बसतात. गावच्या लक्ष्मी यात्रेचे आमंत्रण मराठीत धाडताना एकाऐवजी दोन-तीन संदेशांचे पैसे पडतात, ते यामुळे.