जळिताचा नंबर

एका सहकारी साखर कारखान्याची ऊसनोंदणीपासून शेतकऱ्याच्या बिलापर्यंतची संगणकप्रणाली नव्याने बांधण्याचे काम आमच्या कंपनीकडे आले आणि प्रक्रियांच्या आकृत्या काढण्याची जबाबदारी माझ्यावर पडली. बाहेरच्यांना हे काम चौकोन आणि बाण काढण्याचे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळ एकाच कामाची तीन माणसांनी सांगितलेली तीन वेगळी वर्णने एकमेकांशी जुळवण्यात जातो.

सुरुवात मी डेटा फ्लो डायग्रॅमने केली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रूढ झालेले हे तंत्र आता जुनाट समजले जाते, तरी माहिती कुठून येते, कुठे साठते आणि कुणाकडे जाते हे पाहण्यासाठी मला आजही तेच सर्वांत प्रामाणिक वाटते. एखाद्या प्रक्रियेतून काही बाहेर पडते आणि आत मात्र काहीच येत नाही, असे या आकृतीत दिसले की नोंदीत नसलेले काहीतरी तिथे घडते आहे हे लगेच कळते. वजनकाटा आणि हिशेब या भागांत तिचा फार उपयोग झाला. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास व्याज लागते. त्यामुळे काट्यावरची वजनाची नोंद बिलापर्यंत कोणत्या टेबलांवर थांबते हे दाखवणारा प्रत्येक बाण मोलाचा होता.

तोडणी कार्यक्रमाचा चौकोनही नियमात बसत होता. लागणीची तारीख, जात, क्षेत्र, ब्रिक्सची (रसातल्या साखरेच्या अंदाजाची) तपासणी आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांची उपलब्धता आत येत होती, तर तोडीची चिठ्ठी बाहेर पडत होती. मात्र या आकृतीला काळ आणि अट कळत नाही. कुणाची तोड आधी आणि का, हे तिने सांगावे अशी अपेक्षाच नाही. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा या उसाच्या प्रकारांचा तोडीतला क्रम गावोगाव भांडणाचा विषय असताना तेवढ्यावर थांबता येत नव्हते, म्हणून तो भाग मी बीपीएमएनमध्ये, म्हणजे कामांचा क्रम आणि अटी दाखवणाऱ्या प्रमाणित चिन्हपद्धतीत, उतरवायला घेतला.

त्याच सुमारास आमच्या एका तरुण सहकाऱ्याने केन यार्डाची, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात त्या आवाराची, आकृती पूर्ण करून पाठवली होती. ट्रक, ट्रॅक्टर आणि टायरगाडी यांचे मार्ग त्याने एकच पर्याय निवडणाऱ्या गेटवेने (वाटा फुटतात किंवा जुळतात त्या जागेच्या चिन्हाने) वेगळे केले होते, पण पुढे ते जोडताना सर्व मार्गांची वाट पाहणारा गेटवे वापरला होता. एक गाडी एकाच मार्गाने जाते, त्यामुळे तिचे टोकन, म्हणजे आकृतीतून तिचा प्रवास दाखवणारी काल्पनिक सोंगटी, उरलेल्या दोन टोकनांची कायम वाट पाहत राहते. आकृतीतली प्रत्येक गाडी ऊस गव्हाणीत रिकामा करून रिकाम्या वजनाआधी यार्डात अडकून पडली होती. कागदावर ही चूक डोळ्याला दिसत नाही, टोकन हाताने फिरवले तरच सापडते. टोकन न फिरवता आकृती मंजूर करणाऱ्या तपासनिसांविषयी माझे मत फारसे बरे नाही.

तोडणी कार्यक्रमाची आकृती घेऊन आम्ही एका गट कार्यालयात बसलो. शेतकी अधिकारी, दोन चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्यांचे काम पाहणारे कर्मचारी) आणि कारखान्याकडून नेमलेले प्रकल्प व्यवस्थापक हजर होते. पाळीप्रमाणे चिठ्ठी निघते आणि ऊस जळाल्याची खबर आली तर पाळी मोडून टोळी तिकडे वळवली जाते, असे मी दाखवले होते. 'पाळीची प्रतीक्षा' या कामाच्या कडेवर जळिताचा बाउंडरी इव्हेंट होता, म्हणजे चालू काम मध्येच मोडणारी घटना दाखवणारे वर्तुळ. अपवादाला कारणही रास्त आहे. जळालेल्या उसाची साल तडकते, जिवाणू आत शिरतात, वजन आणि साखर दोन्ही झपाट्याने घटतात, त्यामुळे तो लवकरात लवकर गाळपाला आणावाच लागतो.

शेतकी अधिकाऱ्यांनी मान डोलावली. वयाने मोठा असलेला चिटबॉय मात्र बराच वेळ त्या वर्तुळावर बोट ठेवून उभा होता. "मॅडम, हे जळीत बाहेरनं येतंय असं दाखवलंय तुम्ही," तो म्हणाला. "मार्च उजाडला तरी ज्याची तोड आली नाही, त्याला नंबर कसा लागतो ते कुणी शिकवायला लागतंय का?"

खोलीत हशा पिकला, अधिकाऱ्यांनी विषय बदलला आणि व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिले. मी पुन्हा त्याच वर्तुळावर आले, तेव्हा त्याने हिशेबच मांडला. जळीत उसाला बिलात कपात लागते हे खरे. पण तुरा आलेला ऊस उन्हात वाळून जे वजन गमावतो आणि रान अडकल्याने पुढचे पीक जाते, त्यापेक्षा ती कपात पुष्कळांना परवडते. पाचट जळून गेल्यामुळे टोळीचेही काम हलके होते, त्यामुळे टोळीची तक्रार नसते. शॉर्टसर्किटने खरोखर पेटलेला फड आणि मुद्दाम पेटवलेला फड चिठ्ठीवर सारखाच दिसतो.

संकेतचिन्हांच्या दृष्टीने माझी आकृती निर्दोष होती. २०११मध्ये आलेल्या बीपीएमएन २.० मध्ये बाउंडरी इव्हेंट याच कामासाठी आहे. अडचण तिच्या गृहीतात होती: घटना प्रक्रियेवर येऊन आदळते असे ते चिन्ह सांगते. इथे प्रक्रियाच, म्हणजे पाळीची लांबलेली प्रतीक्षाच, त्या घटनेला जन्म देत होती. शिवाय शेतकरी हा मी आतून रिकामा ठेवलेला बंद चौकोन होता. बाहेरच्या पक्षाचा पूल, म्हणजे आकृतीतली त्याची चौकट, असा मिटलेला ठेवण्याची पद्धत आहे, कारण त्याच्या आतल्या कामावर आपले नियंत्रण नसते. तो उघडून आत 'थांबायचे की पेटवायचे' हा गेटवे काढला, तर पहिल्यांदा खरे चित्र दिसते. पण त्या आकृतीवर कोणता कारखाना सही करील?

व्यवस्थापकांचे उत्तर ठरलेले होते: आकृती संचालक मंडळापुढे जाणार आहे, तिच्यात असले काही नको. सरळ मार्ग तेवढा दाखवायचा आणि अपवाद 'इतर' या खात्यात टाकायचे, ही आपल्याकडच्या प्रकल्पांची जुनी खोड आहे. मग प्रणाली चालू झाल्यावर निम्मे काम 'इतर'मधूनच होते. मी त्यांच्याशी वाद घातला आणि अर्धाच जिंकले. शेतकऱ्याचा पूल मंजूर आवृत्तीत बंदच राहिला. मात्र जळिताची खबर आल्यावर पंचनामा, जागेवरचे छायाचित्र आणि गट कर्मचाऱ्याची नोंद झाल्याशिवाय नवी चिठ्ठी निघणार नाही, हे आकृतीत आणि प्रणालीत दोन्हीकडे आले.

शेतकी अधिकाऱ्यांचा यावर आक्षेप आहे आणि तो मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. पंचनाम्यात जाणारा वेळ खऱ्या जळीतग्रस्ताच्याच उसातून वजा होतो. पाळीची प्रतीक्षा एका मर्यादेपलीकडे गेली की चिठ्ठी आपोआप वरच्या क्रमांकावर यावी, असा टायमर इव्हेंट मी सुचवला होता. जळिताचे कारणच कमी झाले तर पंचनामेही कमी होतील, असा माझा तर्क होता. टोळ्या अपुऱ्या असताना सगळ्यांचेच टायमर एकदम वाजतील, असे म्हणून तो नाकारण्यात आला, आणि त्या म्हणण्यातही तथ्य आहे.

एवढे मात्र मी करून घेतले आहे की प्रत्येक जळीत नोंदीशेजारी त्या फडाची मुळातली अपेक्षित पाळीची तारीखही साठवली जाते. पाळी टळून किती दिवसांनी फड पेटतात, हे त्या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर दिसेल. हंगाम संपला की ती माहिती मला हवी आहे. कारखान्याने ती द्यायचे मान्य केले आहे, लेखी मात्र अजून काही आलेले नाही.