घाटात बी मोड टाकला की मागच्याला काय दिसतं?

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होतो, आमची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणारी) पुढे आणि मामेभाऊ त्याची डिझेल गाडी घेऊन मागे. धुकं, बारीक पाऊस, आणि मी गियर बी वर, म्हणजे गाडी जास्त अडवणाऱ्या मोडवर, टाकून निवांत, कारण ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप हळू होते, ब्रेकला पाय लावायची गरजच पडत नाही आणि वर बॅटरी पण चार्ज होते. निजामपूरला चहाला थांबलो तर भाऊ पहिलं हेच बोलला, "दादा, तुझे ब्रेक लाईट चालतात ना? दोन वळणांवर तू एकदम जवळ आलास आणि मागे लाल काही दिसलंच नाही."

तिथेच चेक केलं, तिन्ही लाईट ओके. मी पेडल दाबलंच नव्हतं, एवढंच.

पुण्यात आल्यावर एका रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर भाऊ मागे आणि त्याची बायको मोबाईलवर शूट करतेय असं नीट करून बघितलं. डी मध्ये, म्हणजे नेहमीच्या मोडमध्ये, पाय उचलला, लाईट नाही. बी मध्ये उचलला, गाडी बऱ्यापैकी ओढली गेली, तरी लाईट नाही. पेडलला नुसता अंगठा टेकवला की तिन्ही लगेच लागले.

मग नियम शोधला. संयुक्त राष्ट्रांचा १३-एच म्हणून गाड्यांच्या ब्रेकचा नियम आहे, ॲक्सिलरेटर सोडल्यावर जे रीजेन होतं, म्हणजे मोटर गाडी अडवून बॅटरी चार्ज करते, त्याच्यासाठी त्यात हद्द ठरवलीय. वेग कमी व्हायचा दर ०.७ मीटर प्रति सेकंद वर्ग किंवा त्याच्या आत असेल तर ब्रेक लाईट लावायचाच नाही, ०.७ ते १.३ मध्ये कंपनीची मर्जी, आणि १.३ च्या वर गेला की लागलाच पाहिजे. ०.७ च्या आत बंदी का तेही पटतं, दर वेळी पाय उचलला की लाल लागायला लागलं तर मागचे लोक त्याच्याकडे बघणंच सोडून देतील. आणि साध्या पेट्रोल गाडीत सेकंडला टाकून उतरलो तरी लाईट लागत नाहीच की.

पण आकडे मांडून बघा. ०.७ च्या दराने ६० वरून ४० वर यायला साधारण ८ सेकंद लागतात. तेवढ्यात मी ११० मीटर जातो आणि मागचा ६० नेच येत राहिला तर १३२ मीटर, म्हणजे आमच्यातलं २२ मीटर अंतर संपलं आणि लाईट एकदाही नाही. आपल्याकडे घाटात मागची गाडी २२ मीटर लांब तरी असते का?

२०१६ साली जपानमध्ये आलेल्या निसान नोट ई-पॉवरमध्ये पाय उचलल्यावर गाडी जोरात हळू होते, तिथे ब्रेक लाईट आपोआप लागतो. बी मोड त्यामानाने सौम्य, म्हणून तो बिनबोभाट सुटतो.

खरी गोष्ट मला नंतर कळली आणि त्यासाठीच हे लिहितोय. अशा हायब्रिडमध्ये ब्रेक पेडल हलकं दाबलं तरी आधी मोटरच गाडी अडवते, ब्रेकचे पॅड नंतर लागतात. म्हणजे पेडलला पाय लावला की चार्जिंग वाया जातं हा समज चुकीचा आहे, चार्जिंगही होतं आणि मागच्याला लालही दिसतं. उलट बी मध्ये थोडी ऊर्जा इंजिन फिरवण्यातच जाते.

मग बी कशाला? लांब उतारासाठी. दीड टनाची गाडी ५०० मीटर खाली आली तर जवळपास २ युनिट ऊर्जा होते, आणि हायराइडर, ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी आहे ०.७६ युनिटची. थोडं हवेत, टायरमध्ये जातं तरी बॅटरी मध्येच फुल होते. मग मोटर अडवणार कशाने, सगळा भार पॅडवर येतो आणि ते तापतात. तेव्हा बी मध्ये इंजिन पेट्रोल न जाळता घरघरत फिरतं आणि गाडी धरून ठेवतं, तो आवाज ऐकून घाबरू नका.

मी आता घाटात बी ठेवतोच, पण मागे कोणी असेल तर वळणाच्या आधी पेडलला पाय टेकवून मगच वेग कमी करतो. तुमच्याकडे हायब्रिड असेल तर एकदा घरच्या कोणाला तरी मागून गाडीत बसवून शूट करायला सांगा, प्रत्येक मोडमध्ये, कारण पुढे बसून हे कळतच नाही.