२६०० ची धाव कुठवर? जुना रायझन, नवं ग्राफिक्स कार्ड

मशीन तेच आहे: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, १४४० पी (२५६० बाय १४४०) मॉनिटर. आरएक्स ५८० हे ग्राफिक्स कार्ड गेलं आणि त्याच्या जागी आरएक्स ९०६० एक्सटी आलं, १६ जीबीवालं. प्रोसेसर २०१८ चा, कार्ड २०२५ चं. अशी जोडी जमते का, हा प्रश्न आपल्यातला जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी विचारतो आणि उत्तर म्हणून त्याच्या हाती एक टक्केवारी पडते: 'इतके टक्के बॉटलनेक', म्हणजे एक भाग दुसऱ्याला किती अडवतो. त्या टक्केवारीवर माझा विश्वास नाही. प्रोसेसर तोच, कार्ड तेच, पण खेळ बदलला की उत्तर बदलतं. त्याच खेळात जंगलातून शहरात शिरलात तरी बदलतं. म्हणून या नोंदींत टक्केवारी नाही. प्रोसेसरची धाव किती आहे, म्हणजे तो सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम तयार करू शकतो, ते आधी मोजलं आणि मग कार्ड घेतलं, त्याचा हा हिशोब.

कार्ड घेण्याआधी

पडद्यावर येणारी प्रत्येक फ्रेम दोन हातांतून जाते. आधी प्रोसेसर खेळाचं गणित सोडवतो: कोण कुठे उभा आहे, कोण कुणावर आदळला, रस्त्यावरची माणसं कुठे वळणार. मग काय काय रंगवायचं याची यादी तो ग्राफिक्स कार्डाकडे देतो आणि कार्ड चित्र काढतं. एकाने लाटायच्या आणि दुसऱ्याने भाजायच्या अशी ही जोडी आहे. लाटणाऱ्याचा हात मिनिटाला चार पोळ्यांचा असेल तर तवा कितीही मोठा आणा, ताटात चारच पडणार.

रिझोल्यूशन वाढवलं की कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. म्हणूनच नवं कार्ड विकत न घेताही आपल्या प्रोसेसरची धाव मोजता येते, आणि ही गोष्ट फार कमी लोक करतात याचं मला खरंच वाईट वाटतं. जुनंच कार्ड राहू द्या. रिझोल्यूशन १२८० बाय ७२० वर आणा, अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र काढून मोठं करणं) असेल तर 'परफॉर्मन्स'वर टाका, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा दोन्ही बंद करा. गर्दी, दृश्याचं अंतर, भौतिकी ही सेटिंग्ज मात्र पुढे जशी ठेवून खेळणार आहात तशीच राहू द्या, कारण त्यांचा भार प्रोसेसरवर पडतो. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर या मोजणी करणाऱ्या प्रोग्रॅमचे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात लावा आणि खेळातल्या सगळ्यात गजबजलेल्या जागी जा. कार्डाचा वापर नव्वद टक्क्यांच्या बराच खाली असेल, तर दिसणारा एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) तुमच्या प्रोसेसरचा आहे. कार्ड कुठलंही आणलंत तरी त्या जागी, त्या सेटिंगला आकडा फारसा वर जाणार नाही.

इथे टास्क मॅनेजर बघून बरेच जण फसतात. तिथे प्रोसेसर चाळीस-पन्नास टक्केच दिसतो आणि वाटतं, अजून निम्मा शिल्लक आहे. २६०० ला सहा कोअर, बारा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत आणि टक्केवारी त्या बाराही थ्रेडची सरासरी असते. खेळाचा मुख्य थ्रेड एकटाच पूर्ण भरलेला असेल तर बाकीचे बसून असले तरी फ्रेम त्याच्यासाठी थांबते. त्यामुळे प्रोसेसरचा टक्का बघूच नये, कार्डाचा बघावा.

माझ्याकडे आलेले आकडे ढोबळ आहेत. प्रत्येक फेरीत थोडा फरक पडतोच. सायबरपंक २०७७, जपानटाउनचा बाजार, गर्दी 'हाय'वर: पन्नास ते साठच्या दरम्यान. बाल्डर्स गेट ३, तिसरा अंक, खालचं शहर: चाळीसच्या आसपास, वळणावर त्याहून खाली. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये सेंट डेनिस शहरात सत्तरीच्या घरात आणि शहराबाहेर त्याहून बरंच वर. रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावल्या रंगवण्याची) धाव मात्र या पद्धतीने मोजता आली नाही, कारण आरएक्स ५८० ला खेळांमधलं रे ट्रेसिंग चालतच नाही.

मला हवे होते १४४० पी ला स्थिर ६०, म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. स्पर्धात्मक शूटर मी खेळत नाही. तिथे १४४ एफपीएस हवे असतील तर एका फ्रेमला जेमतेम ६.९ मिलिसेकंद मिळतात आणि मग सगळा हिशोबच वेगळा होतो. काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याने २६०० ठेवून नव्या कार्डावर पैसे घालू नयेत, आधी प्रोसेसर बदलावा.

९०६० एक्सटीच का

पहिलं कारण लेनचं. बी४५० वर पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे. ही कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातली वाट, आणि लेन म्हणजे तिच्या मार्गिका. आरटीएक्स ४०६०, ५०६०, आरएक्स ७६०० ही सगळी कार्डं आठ लेनची आहेत. नव्या बोर्डावर त्याने बिघडत नाही, पण ३.० वर आठ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ७.९ जीबी. ९०६० एक्सटीला पूर्ण सोळा लेन आहेत, त्यामुळे त्याच बोर्डावर दुप्पट, साधारण १५.८ जीबी मिळतात. कार्डाच्या मेमरीत सगळं मावत असेल तेव्हा हा फरक किरकोळ ठरतो. पण ८ जीबी भरली आणि टेक्श्चर मुख्य रॅममधून ये-जा करू लागले की हीच वाट अरुंद पडते आणि फ्रेम अडखळायला लागतात. १६ जीबी आणि सोळा लेन, दोन्ही एकाच कार्डात मिळत होतं, मग आणखी विचार केला नाही.

दुसरं कारण ड्रायव्हरचं. कार्डाचा ड्रायव्हरही प्रोसेसरच्याच वेळातून वाटा घेतो. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आलं. १२ जीबी मेमरी, किंमत बेताची, कागदावर आमच्यासारख्यांसाठीच काढलेलं. पण जानेवारी २०२५ मध्ये चाचण्या करणाऱ्यांनी दाखवून दिलं की जुन्या प्रोसेसरवर ते बरंच घसरतं. शिवाय त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) हवाच असतो. एएमडीच्या अधिकृत यादीत ती सोय रायझन ३००० पासून पुढे आहे, म्हणजे २६०० ला ती मिळेल असं धरून चालता येत नाही. जुन्या मशीनवाल्यांनी हे कार्ड घेण्याआधी दहादा विचार करावा.

वीज हे तिसरं. आरएक्स ५८० १८५ वॅटचं होतं, ९०६० एक्सटी १६० वॅटचं आहे. एसएमपीएसला (वीजपुरवठ्याच्या डब्याला) हात लावावा लागला नाही.

बसवताना

जुना ड्रायव्हर डीडीयू या प्रोग्रॅमने साफ केला. त्याआधी एक काम उरकून घेतलं. माझं विंडोज जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कवर होतं आणि बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय, चालू होतं. नवी कार्डं यूईएफआय ही नवी पद्धत गृहीत धरून बनवलेली असतात. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे. त्याने डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करून घेतली आणि मग बायोसमध्ये सीएसएम बंद केलं. क्रम असाच ठेवा. डिस्कची पद्धत न बदलता सीएसएम बंद केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही. बॅकअप घेतल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

कार्ड बसल्यावर जीपीयू-झेड उघडून लेन तपासल्या: १६, पीसीआय एक्सप्रेस ३.०. अपेक्षेप्रमाणे.

मेमरी

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. २०१८ मध्ये रॅम महाग होती, त्यामुळे तेव्हा ८ जीबीची एकच काडी घेतली होती. ती काढून ८-८ जीबीची ३२०० वाली जोडी लावली, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सोय) चालू केलं. २६०० साठी अधिकृत वेग २९३३ आहे. माझा नग ३२०० वर टिकतो, सगळ्यांचा टिकेलच असं नाही.

याचा फायदा का होतो तेही सांगतो. २६०० चे सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत आणि प्रत्येक गटाला स्वतःचा ८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे. एका गटाला दुसऱ्याकडून काही हवं असेल तर ते इन्फिनिटी फॅब्रिक या आतल्या जोडणीवरून येतं, आणि या फॅब्रिकचा वेग रॅमला बांधलेला आहे: ३२०० च्या रॅमला १६०० मेगाहर्ट्झ. म्हणजे रॅम वेगवान केली की प्रोसेसरचे दोन भाग आपसातही लवकर बोलतात. सरासरी एफपीएस थोडाच वाढला, पण सर्वात हळू एक टक्का फ्रेमचा आकडा चांगलाच सुधारला. बाल्डर्स गेटमध्ये चौकातून वळताना जो झटका बसायचा तो पुष्कळ कमी झाला. पूर्ण गेला नाही.

खेळून बघितलं

सेंट डेनिसमध्ये १४४० पी, जवळजवळ सगळी सेटिंग्ज वरच्या टोकाला, आणि साठच्या खाली क्वचित. ५८० वर हाच खेळ मी १०८० पी ला, सेटिंग्ज कापून खेळत होतो. पहाटेचं धुकं आणि दिव्यांभोवतीचा उजेड पहिल्यांदा नीट दिसला तेव्हा मोहीम बाजूला ठेवून नुसताच घोड्यावरून फिरत राहिलो.

सायबरपंकमध्ये आधी मोजलेलाच आकडा आला: बाजारात पन्नास ते साठ. रिझोल्यूशन चौपट झालं तरी तेवढाच, कारण आता कार्ड वाट बघत बसलं होतं. अशा वेळी एफएसआर (एएमडीचं अपस्केलिंग) लावून काही हाती लागत नाही. अपस्केलिंग कार्डाचं ओझं हलकं करतं, आणि इथे अडलेलं कार्ड नव्हतंच. उलट मी मूळ १४४० पी वर गेलो, टेक्श्चर, सावल्यांची धार, धुकं, ढग सगळं वर नेलं, तरी एफपीएस हलला नाही. प्रोसेसर अडवत असेल तर कार्डाकडे उरलेली ताकद चित्रावर खर्च करायची, हे मला या जोडीचं खरं सुख वाटतं.

प्रोसेसरचं ओझं कमी करायचं तर सेटिंग्ज वेगळी. गर्दी 'हाय'वरून 'मीडियम'वर आणली आणि बाजारातही साठ टिकू लागले. रे ट्रेसिंग लावताच आकडा पन्नासच्या खाली गेला. रे ट्रेसिंग म्हणजे सगळा भार कार्डावर, असा समज आहे. पण प्रकाशकिरण कशावर आदळतात हे शोधण्यासाठी दृश्याची जी रचना दर फ्रेमला ताजी ठेवावी लागते, तिच्या तयारीत प्रोसेसरचाही वेळ जातो. २६०० वर मी ते बंदच ठेवलंय.

फ्रेम जनरेशन इथे खरोखर कामी येतं. मधल्या फ्रेम कार्ड स्वतःच बनवतं, प्रोसेसरला विचारत नाही. चित्र गुळगुळीत होतं, पण माउसचा प्रतिसाद मूळ फ्रेमइतकाच राहतो, किंचित मंदच. मूळ आकडा पन्नासच्या वर असेल तर मला चालतं. बाल्डर्स गेटच्या चाळीसवर ते लावून मजा येत नाही.

आणखी एक सवय लागली: रिव्हाट्यूनरने फ्रेमची मर्यादा धावेच्या थोडी आत ठेवायची. बाल्डर्स गेटच्या शहरात मी ४० ला बांधलंय. मोकळं सोडलं तर कधी ५५, कधी ३८ असं होतं आणि ती उसळी डोळ्यांना बोचते. खेळ पाळीपाळीने खेळायचा असल्याने स्थिर ४० पुरतात.

विंडोजमधल्या मेमरी इंटेग्रिटीबद्दलही लिहून ठेवतो. हे सुरक्षाकवच जुन्या रायझनवर जास्त महाग पडतं, कारण त्याचं काम हलकं करणारी सोय प्रोसेसरमध्येच झेन २ या पुढच्या पिढीपासून आली. बंद केलं तर थोडे एफपीएस मिळतात. पण याच संगणकावर घरचे बँकेचे व्यवहार होतात, त्यामुळे मी ते चालूच ठेवलंय आणि वरचे सगळे आकडे ते चालू असतानाचे आहेत.

उष्णता

नागपूरचा मे. खोलीतला कूलर बंद असेल तर संध्याकाळी खोलीच अडतीस-चाळीस अंशांवर. २६०० सोबत आलेला छोटा रेथ स्टेल्थ पंखा त्यात दमतो आणि प्रोसेसर ३.९ गिगाहर्ट्झची उडी फार वेळ धरू शकत नाही. कॅबिनेटच्या पुढे दोन पंखे लावले, फिल्टरची धूळ काढली. उन्हाळ्यातले आणि हिवाळ्यातले आकडे एकत्र करू नका, एवढं मात्र आग्रहाने सांगेन.

पुढे

बी४५० चं आयुष्य अजून शिल्लक आहे. मे २०२० मध्ये एएमडीने आधी या बोर्डांना झेन ३ पिढीचे प्रोसेसर चालणार नाहीत असं जाहीर केलं होतं. लोकांनी इतका विरोध केला की त्याच महिन्यात निर्णय फिरवला, म्हणून आज इथे रायझन ५ ५६०० बसतो. त्याचे सहाही कोअर एकाच गटात आहेत आणि ३२ एमबी एल३ सगळ्यांना सामाईक. ५७००एक्स३डी मध्ये तो ९६ एमबी आहे आणि बाल्डर्स गेटसारख्या खेळाला तो नक्कीच भावेल. पण त्याच्यासोबत पंखा येत नाही, म्हणजे खर्च दोनदा. मला साठच हवे आहेत, म्हणून मी ५६०० वर थांबणार आहे. लेन ३.० च्याच राहतील, बोर्डाची मर्यादा आहे.

बायोस आत्ताच, २६०० बसलेला असताना, अपडेट करून ठेवलाय. नवा प्रोसेसर लावल्यावर जुन्या बायोसवर पडदाच उजळला नाही तर अपडेट करायलाही जागा उरत नाही. काढताना एक काळजी: एएम४, म्हणजे या बोर्डाच्या सॉकेटमध्ये बसणाऱ्या, प्रोसेसरच्या पिना त्याच्याच अंगावर असतात आणि वाळलेली थर्मल पेस्ट पंख्यासोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आणते. आधी एखादा खेळ चालवून मशीन गरम करायचं, मग बंद करून पंखा हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवायचा. वापरलेला ५६०० घेणार असाल तर पिना भिंगातून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिन्ही खेळांच्या त्या-त्या जागांच्या सेव्ह फाइल वेगळ्या ठेवल्या आहेत. ५६०० बसला की त्याच जागी, त्याच सेटिंगला, १२८० बाय ७२० वर पुन्हा धाव मोजेन, आणि यावेळी रे ट्रेसिंग लावूनही. कुणाकडे बी४५० वर ३६०० आणि ९०६० एक्सटी असेल तर जपानटाउनच्या बाजारातला आकडा जरूर कळवा, गर्दी 'हाय'वर ठेवून. २६०० आणि ५६०० च्या मधली तेवढी एक पायरी माझ्या वहीत रिकामी आहे.