आवाज माझाच होता

आमचा धंदा मंडप-साऊंडचा. गाव शिरपूर तालुक्यात, मुंबई-आग्रा हायवेपासून दोन-अडीच किलोमीटर आत. मार्च ते मे म्हणजे आमचं अख्खं वर्ष, त्यातही आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या एका दिवशी तीन-तीन गावांत मांडव असतो आणि पोरं दोन रात्री झोपत नाहीत. २०२० ची आखाजी २६ एप्रिलला होती. त्या सीझनची अकरा लग्नं बुक होती, बयाणे घेतलेले, त्याच पैशातून नवीन अँप्लिफायर आणलेला. २४ मार्चला रात्री ८ वाजता टीव्हीवर लॉकडाऊन ऐकलं तेव्हा खोटं कशाला बोलू, पहिला विचार देशाचा नाही आला, बयाणे परत करावे लागतील हाच आला.

चार दिवसांनी ग्रामपंचायतीतून फोन आला, भोंगा पाहिजे, दवंडी फिरवायची आहे. म्हटलं घ्या, नाहीतरी गोडाऊनमध्ये उंदरंच ऐकतायत. छोटा हत्ती टेम्पोवर दोन भोंगे बांधले, बॅटरी ठेवली आणि हातात वरून आलेला कागद पडला. सामाजिक अंतर राखावे, लक्षणे आढळल्यास विलगीकरणात राहावे, पृष्ठभागांचे निर्जंतुकीकरण करावे वगैरे वगैरे. मी माईकवर तसंच्या तसं वाचलं, एकदम रेडिओच्या बातम्यांसारखं, मला वाटलं काय भारी वाचतोय. दुसऱ्या चकरीला गल्लीतल्या एका आजीने गाडी थांबवली आणि विचारलं, "इलगीकरन म्हंजे काय रे भाऊ, कोना घरमा वाटनी व्हयनी?" ड्रायव्हर एवढा हसला की गाडी बंद पडली. पण आजीचं बरोबर होतं. वेगळं निघणं म्हणजे आमच्याकडे भाऊ-भाऊ वेगळे निघणं, चूल वेगळी होणं. तिला वाटलं पंचायत कोणाची तरी वाटणी गावभर सांगत फिरतेय.

मग रात्री घरी बसून मी अहिराणीत, आमच्या खान्देशी बोलीत, रेकॉर्ड केलं. "ऐका हो भाऊस्वन, माय-बहिणीस्वन. घरमा ऱ्हावा. काम नही ते बाहेर निंघू नका. तोंडले फडकं बांधा, साबनघाई हात धुवा." पेनड्राईव्हमध्ये टाकलं, मधेमधे सनईचा तुकडा टाकला कारण आमच्याकडे दुसरं काय असणार. दुसऱ्या दिवशी लोकं दारात येऊन ऐकायला लागले. हसत होते पण ऐकत होते. शेजारच्या दोन गावांनी फाईल मागून घेतली. माझी छाती फुगली, ते सांगायलाच नको.

आता चूक सांगतो, जी आजपर्यंत मी कुठे लिहिली नाही.

मालेगावात पेशंट वाढायला लागले, मालेगाव म्हणजे धुळ्याच्या पलीकडे तासाभराचा रस्ता, लोकांची पार टरकली. पारावर बसणारे चार-पाच जण (अंतर ठेवून बसायचे, पण बसायचेच) म्हणाले अरे जरा कडक बोल ना, तुझ्या सनईने कोणी घाबरत नाही. मी तिसरी फाईल केली (कागदाचं वाचन पहिली धरली, सनईवाली दुसरी). सनई काढली, अँब्युलन्सच्या सायरनचा आवाज टाकला आणि बोललो, "बाहेरगावथून येल माणूसले गावमा घेऊ नका. तो कोणी बी ऱ्हावो. घरना ऱ्हायना तरी." ही फाईल दिवसातून तीनदा वाजायची. दोन दिवसांत गावाच्या दोन्ही रस्त्यांवर बाभळीच्या काट्या टाकल्या गेल्या, एक बैलगाडी आडवी लावली, पोरं काठ्या घेऊन पहाऱ्याला.

खान्देश माहीत असेल तर पुढचं कळेल. आमच्याकडे प्रत्येक गावाचा एक तुकडा सुरतला असतो. उधना, लिंबायत, पांडेसरा, तिथे कापडाच्या लूमवर आमचे अर्धे नातेवाईक. लूम बंद, खोलीचं भाडं चालू, मग माणूस करणार काय, गावाकडेच निघणार ना. माझा मावसभाऊ बायको आणि पोरीला मोटरसायकलवर बसवून नवापूरकडच्या कुठल्या कुठल्या आडरस्त्यांनी रात्रभर गाडी चालवत आला आणि पहाटे काट्यांपाशी अडकला. पहाऱ्यावरची पोरं त्याच्याच भावकीतली. त्यांनी आत घेतलं नाही. त्याच्या सख्ख्या आईनेसुद्धा लांबूनच बघितलं, पदर तोंडाला लावून. शेवटी तिघं जण आमच्या शेतातल्या खळ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, चौदा दिवस. एप्रिलमधला पत्रा, कल्पना करा.

मी डबा घेऊन जायचो, बांधावर ठेवायचो, मागे सरकायचो. पहिल्या दिवशी त्याने डबा उचलला आणि गावाच्या दिशेने मान करून म्हणाला, "आवाज तुनाच व्हता ना रे?" तेवढंच. शेडपर्यंत भोंगा स्पष्ट ऐकू जायचा, वारा तिकडचा असला की जास्तच. मी संध्याकाळी जाऊन ती फाईल बंद केली. पारावरच्यांनी विचारलं तर सांगितलं भोंग्याची कॉईल गेली.

रोग पसरतो म्हणून माणसाला चौदा दिवस वेगळं ठेवणं बरोबरच होतं हो, ते मी आजही म्हणेन. पण वेगळं ठेवायला शाळेची खोली उघडायची, तिथे पाण्याचा ड्रम, पंखा, संडास आणि दोन वेळचा डबा लावायचा, हे मी भोंग्यावर सांगितलंच नव्हतं, मी फक्त घेऊ नका एवढंच सांगितलं होतं. चौथी फाईल केली, "बाहेरगावथून कोणी उना ते पह्यले पाणी द्या, मंग इचारा. चौदा दिन येगळा ठेवा, पन भाकर बंद करू नका." यानंतर आलेले सात-आठ जण शाळेत राहिले. काट्या मात्र लगेच नाही निघाल्या. भीती घालायला दोन दिवस लागले होते, काढायला महिना गेला.

मे मध्ये हायवे सुरू झाला. सुरू म्हणजे गाड्यांचा नाही, माणसांचा. नाशिक, भिवंडी, मुंबईकडून चालत निघालेले लोक, धुळे-नरडाणा-शिरपूर करत पळासनेर आणि तिथून बिजासन घाट चढून मध्य प्रदेशातल्या सेंधव्याला, पुढे यूपी-बिहार. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या रिक्षा चार-चार माणसं आणि वर गाठोडी घेऊन उत्तर प्रदेशात निघालेल्या, आमच्या पोरांनी आयुष्यात एवढ्या रिक्षा एका रांगेत पाहिल्या नव्हत्या. श्रमिक ट्रेन १ मे पासून सुरू झाल्या होत्या पण नाव नोंदवा, मेडिकल सर्टिफिकेट आणा, मेसेजची वाट बघा, ज्याचा रिचार्ज संपला त्याने काय करायचं. ऊन तर डोक्यावर भट्टी ठेवल्यासारखं.

आमच्याकडे लग्नाची भांडी होती. दोनशे-तीनशे माणसांची पातेली, कढया, झारे, पाण्याच्या टाक्या, मांडवाचं कापड, सगळं जागेवर. मांडव टाकला हायवेच्या कडेला निंबाखाली आणि पहिल्या दिवशी आपल्या पद्धतीची खिचडी केली, काळा मसाला, वरून तेल-मिरची. तीन दिवस नीट न जेवलेल्या माणसाला असलं खायला घालायचं नसतं हे आमच्या डोक्यातच आलं नाही, दोघा-तिघांना लगेच त्रास झाला. शिवाय लोकांना बसून खायला वेळ नव्हता, ते विचारायचे बांधून द्या. तेव्हा गावातल्या बाया म्हणाल्या दशम्या करू. दुधात मळलेली दशमी दोन-तीन दिवस आरामात टिकते, आमची म्हातारी माणसं पंढरपूरला जाताना तेच बांधून न्यायची. मग घरटी वीस दशम्या, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, तिखट कमी. ज्या बायांनी महिन्यापूर्वी काट्यांच्या आतून बघितलं होतं त्यांच्यातल्याच बऱ्याच होत्या यात.

तापीकाठच्या एका शेतकऱ्याने ट्रॉलीभर केळी आणून ओतली. व्यापारी उचलत नव्हता, भाव पडलेला, घड झाडावरच पिकत होते, तो म्हणाला सडण्यापेक्षा पोटात जाऊ द्या. चालणाऱ्या माणसाला केळ्याइतकं सोयीचं काही नाही, हात धुवायला पाणी नसलं तरी साल काढून खाता येतं.

आणि आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरने आम्हाला एक शिकवलं, नुसतं पाणी पाजू नका. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा चहाचा. मीठ जास्त झालं तर उलटं नुकसान. हे माप आम्ही टाकीवर खडूने मोठं लिहून ठेवलं, कारण आमचा आचारी मीठ अंदाजाने टाकणारा.

सगळ्यात जास्त मागणी कशाला होती सांगू? चपलांना. खिचडी, बिस्किट रस्त्यात बऱ्याच ठिकाणी मिळत होतं, पण पायात काही नव्हतं. आम्हाला हे चौथ्या दिवशी कळलं, तेही एका माणसाने पाण्याच्या दोन चपट्या बाटल्या सुतळीने तळव्यांना बांधलेल्या बघितल्यावर. मग भोंगा परत बाहेर काढला, गावात फिरवला, "घरमा जुन्या चपला व्हतीन त्या द्या." दोन पोती निघाल्या. माझ्या बायकोने माझे लग्नातले बूटसुद्धा दिले, मला न विचारता.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही सरकारची घरोघरी तपासणीची मोहीम सुरू झाली. माझी वहिनी आशा सेविका आहे. ती गळ्यात पिशवी, हातात थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार, आणि लोकं दारं लावून घ्यायचे, कारण बोट लावलं की सेंटरला उचलून नेतात असं पसरलेलं. वहिनी रडकुंडीला आलेली, एका घरातून तर कुत्रा सोडला. मी विचारलं, काय बोलू भोंग्यावर? ती म्हणाली काही मोठं बोलू नको, फक्त सांग की मशीनवर ऑक्सिजनचा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या खाली आला तरच डॉक्टरकडे पाठवणार आणि बरोबर मी स्वतः येणार. ते दुसरं वाक्य तिने घातलं ते महत्त्वाचं निघालं. तिला त्यासाठी सहा वेळा दवाखान्यात जावं लागलं, स्वतःच्या खर्चाने. आशांना त्या काळात किती पैसे मिळाले हा विषय काढला की आमच्या घरात अजून भांडण होतं, त्यामुळे सोडतो.

दुसरी लाट, एप्रिल २०२१, त्यावर फार लिहिणार नाही. आमचे नाना गेले. रेमडेसिव्हिरसाठी मी तीन शहरांत फिरलो, मिळालं तेव्हा उशीर झालेला, आणि ते औषध जीव वाचवतंच असं नाही हे मला नंतर एका डॉक्टरने समजावलं. त्या दिवसांत सगळेजण नंदुरबारचं नाव घेत होते. एवढा आदिवासी आणि मागास म्हणवला जाणारा जिल्हा, पण कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड, जे स्वतः साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, त्यांनी दुसऱ्या लाटेच्या कितीतरी आधी, सप्टेंबर २०२० मध्येच मिनिटाला ६०० लिटरचा पहिला ऑक्सिजन प्लांट बसवून घेतला, मग आणखी दोन. वॉर्डात ऑक्सिजन वाया जाऊ नये यावर लक्ष ठेवायला वेगळ्या नर्स. त्याच जिल्ह्यात वर नर्मदेच्या पाड्यांवर एक अंगणवाडी सेविका स्वतः नाव वल्हवत पोषण आहार घेऊन जायची, तिच्याबद्दल पेपरात वाचलं तेव्हा मला माझा छोटा हत्ती फारच ऐषारामी वाटला.

लस. ४५ वरच्यांना १ एप्रिल २०२१ पासून मिळायला लागली आणि गावात पहिल्या कॅम्पला बावीस माणसं. दोन वर्षांत मरतो, पोरं होत नाहीत, व्हॉट्सअपवर काय काय. यावेळी मी भोंग्यावर आधीच सांगून टाकलं की सुई घेतली की एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, अंग दुखेल, हात जड होईल, घाबरू नका. पंचायतीतले एक जण चिडले, म्हणाले असं सांगितल्यावर कोण येईल? पण न सांगता ताप आला असता तर तोच ताप गावभर पुरावा म्हणून फिरला असता. आणि वाटणीवाली आजी, तिने पहिल्याच कॅम्पला घेतली, रात्रभर तापली, तिसऱ्या दिवशी पारावर येऊन बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, "दखा, मी शे आजून." (बघा, मी आहे अजून.) पुढच्या कॅम्पला रांग शाळेच्या गेटबाहेर. आमच्या सायरनपेक्षा आजी भारी.

गेल्या वर्षी मावसभावाच्या पोरीचं लग्न झालं, उधन्याला. साऊंड माझाच, भाडं घेतलं नाही. माईक टेस्टिंग करताना आमच्या नवीन पोराने जुना पेनड्राईव्ह लावला आणि हॉलमध्ये सायरन वाजला, पाठोपाठ माझा आवाज, "तो कोणी बी ऱ्हावो." दोन सेकंदात बंद केला. सगळे हसले, कोरोनाचं आहे म्हणून. मावसभाऊ स्टेजजवळ फुलांची टोपली घेऊन उभा होता, तो पण हसला. जेवताना माझ्या पानात स्वतः बट्टी वाढायला आला, वरणावर तूप ओतलं आणि हळूच म्हणाला, चौथी फाईल लावायला सांग त्याला, ती बरी होती.

चौथी माझ्याकडे नाहीये. त्या पेनड्राईव्हवर फक्त तिसरी राहिली आहे.