तुम्ही विचारलंत म्हणून : ‘प्यायला होता’ हे मी ठामपणे का म्हटले नाही

“तुम्ही तर पंधरा पावलांवर होतात, सगळं डोळ्यांनी पाहिलंत, मग तो प्यायला होता एवढं ठणकावून सांगायला काय झालं होतं?” हा प्रश्न मला प्रथम मृत तरुणाच्या थोरल्या बहिणीने, माझी साक्ष संपल्यावर न्यायालयाच्या व्हरांड्यात विचारला. त्यानंतर तो ओळखीच्या कितीतरी माणसांनी विचारला आणि दर वेळी मी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. आता निकाल लागून बराच काळ लोटला आहे, तेव्हा एकदा सविस्तर उत्तर देते.

त्या रात्री रस्ता ओलांडणाऱ्या त्या तरुणाला मोटारीने उडवले तेव्हा मी समोरच्या पदपथावर, दिव्याच्या खांबाखाली उभी होते. मोटार दुभाजकावर आदळून थांबली आणि तिच्यातून दोघे उतरले. चालकाच्या बाजूने जो उतरला, तो काही वेळ दारालाच धरून उभा राहिला. मग माझ्याकडे आला आणि त्याने काहीतरी विचारले, जे दोनदा ऐकूनही मला कळले नाही. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. सरतपासणीत मी एवढे सांगितले आणि तो प्यायलेला वाटला, असेही म्हणाले. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारले, “वाटला, की खात्री आहे?” मी म्हणाले, “वाटला.” बहिणीच्या मनात रुतला तो हा शब्द.

परंतु डोक्याला मार बसलेला माणूसही तोल सावरत चालतो, रक्तातली साखर फार उतरली तरी जीभ जड होते, आणि वासावरून दारू किती प्यायली याचा अंदाज येत नाही. किती, हे सांगण्याचे काम रक्ताच्या नमुन्याचे होते आणि ते त्याने केले. मी मात्र खात्री असल्याचे म्हणाले असते, तर पुढचे दहा प्रश्न त्या एका शब्दावर आले असते आणि मी खरोखर पाहिलेल्या गोष्टीही त्याच्याबरोबर वाहून गेल्या असत्या.

लोकांच्या लक्षात येत नाही ते असे, की रक्ताच्या नमुन्यालाही न सांगता येणाऱ्या काही गोष्टी असतात. गाडी दोघांपैकी कोण चालवत होता, हे तो सांगत नाही. शिवाय नमुना घेतला गेला पहाटे पावणेतीनच्या सुमारास, आणि रक्तातली दारू साधारणपणे तासाला 100 मिलिलिटरमागे 10 ते 20 मिलिग्रॅम या गतीने उतरत जाते. म्हणजे अपघाताच्या क्षणी ती किती होती हे मागे मोजत जायचे, तर अपघाताची वेळ पक्की हवी. ती माझ्या फोनमध्ये सापडली : मदतीसाठी केलेला फोन, 11 वाजून 42 मिनिटे. माझ्या साक्षीतला सर्वांत निरुपद्रवी वाटणारा हा तपशील होता, आणि सरकारी वकील त्यावरच सर्वाधिक वेळ रेंगाळले.

बचाव असा होता, की अपघाताचा धक्का बसल्यामुळे चालक नंतर सोबत्याजवळच्या बाटलीतून प्यायला. मला वास आला तो तो गाडीतून उतरल्यावर मिनिटभरातच, आणि तोवर तो माझ्या नजरेसमोर होता, एवढे मी निःशंकपणे सांगू शकले. मग विचारणा झाली, “गाडीत बाटली पाहिलीत का?”

इथे मला थोडे थांबावे लागले, कारण ती बाटली मला स्पष्ट दिसत होती. हिरवी, आडवी पडलेली, पुढच्या आसनापाशी. तथापि मी गाडीच्या पाच पावलांच्या आतही गेले नव्हते. बाटली मी पाहिली होती ती दोन दिवसांनी, वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फीत दाखवली. त्यांतल्या 50 जणांना गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता असे विचारले, तर दुसऱ्या 50 जणांना त्या आदळून ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचे क्रियापद वापरून विचारले. आठवड्याने, फुटलेली काच पाहिलीत का, या प्रश्नाला पहिल्या गटातल्या 7 आणि दुसऱ्या गटातल्या 16 जणांनी होकार दिला. फितीत फुटलेली काच नव्हतीच. ही माणसे खोटे बोलत नव्हती, आणि मीही बोलले नसते. मी उत्तर दिले, “आज ती माझ्या डोळ्यांसमोर आहे, पण त्या रात्री मी ती पाहिलेली नाही.” सरकारी वकिलांच्या कपाळावर आठी उमटली.

उरलेले प्रश्न अंतर किती, उजेड किती, मध्ये काही आड आले का, चेहरा किती वेळ दिसला, असे होते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1976 च्या टर्नबुल खटल्यात ओळख पटवणाऱ्या साक्षीसाठी नेमक्या याच कसोट्या घालून दिल्या आणि खात्रीने बोलणारा साक्षीदारही चुकू शकतो, अशी ज्यूरीला ताकीद द्यायला न्यायाधीशांना सांगितले. हे मी नंतर वाचले, आणि उलटतपासणीत आलेला राग बराचसा निवळला. सगळा नाही; “चष्म्याचा नंबर केव्हा बदललात?” हे ज्या सुरात विचारले गेले, तो सूर मला अजूनही खटकतो.

शेवटचा प्रश्न होता, पोलीस येईपर्यंत आरोपी सतत तुमच्या नजरेसमोर होता का? नव्हता. मी सुमारे नऊ मिनिटे रस्त्यावर त्या तरुणाजवळ गुडघे टेकून बसले होते आणि आरोपीकडे माझी पाठ होती. बचाव पक्षाच्या लेखी युक्तिवादात ती नऊ मिनिटे अधोरेखित झाली. गाडीची किल्ली काढून घेऊन तिथेच उभ्या राहिलेल्या एका ट्रकचालकाच्या साक्षीने ती भरून निघाली, आणि आरोपी दोषी ठरला.

बहिणीला हे सारे मी त्या दिवशी व्हरांड्यात जमेल तसे सांगितले. तिने ते कितपत ऐकले, कोण जाणे. थोड्या वेळाने ती म्हणाली, “त्या नऊ मिनिटांत तो काही बोलला का?” पिंजऱ्यात मला हे कोणी विचारले नव्हते. तो एकदाच बोलला होता. त्याने चष्मा कुठे आहे असे विचारले आणि मी तो शोधून त्याच्या हातात दिला. काच फुटलेली होती का, असे तिने विचारले. मी म्हणाले, “एक. डावी.”